पायडल पाहावे घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांना सायकल घ्यावी लागली नाही, म्हणून ते दोनावर थांबले. मी हे दोन्ही उद्योग करून पाहिलेले आहेत. घर बँकेच्या कर्जाने झाले, लग्न वडीलधाऱ्यांच्या पुढाकाराने झाले. पायडल मात्र मला स्वतःच्या अकलेने घ्यावे लागले, आणि त्या खात्यात शिल्लक किती आहे ते त्या दिवशी कळले.

पायडल म्हणजे ज्याला शिकलेली माणसे पेडल म्हणतात ते. मी पायडलच म्हणणार. ज्या वस्तूवर पाय ठेवायचा तिच्या नावात पाय नको? इंग्रजी शब्दसुद्धा शेवटी लॅटिनमधल्या पायावरूनच आलेला आहे, आणि लॅटिनचा पाय नि आपला संस्कृत पाद हे एकाच कुळातले. तेव्हा पायडल म्हणणारा माणूस अडाणी नसून भाषाशास्त्राच्या दृष्टीने मूळ घराच्या जास्त जवळ राहतो. हे मी आमच्या शाखेत सांगितले तेव्हा कॅशियर म्हणाले, "ते असू द्या हो, तुमचं व्हाउचर टॅली होत नाहीये."

हकीगत अशी की, आमची कन्या अकरावीत गेली आणि तिने जाहीर केले, मला स्कूटी नको, सायकल हवी. पुण्यात हे वाक्य ऐकले की माझ्या पिढीतल्या माणसाला भरून येते. एके काळी या गावाला सायकलींचे शहर म्हणत. आता सायकल म्हटली की लोक प्रकृतीची चौकशी करतात. मी तत्काळ होकार दिला. पेट्रोल वाचणार होते हा हिशेब मी मनात ठेवला. बापाने प्रत्येक हिशेब मोठ्याने करायचा नसतो.

सायकलीचे दुकान म्हणजे काळोखी बोळ, छताला टांगलेले टायर आणि कनवटीला पाना खोचलेला माणूस, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ते दालन निघाले. आत थंडगार हवा, संगीत, आणि टाय लावलेला मुलगा. "सर, ट्वेंटीवन स्पीड आहे. ड्युअल डिस्क ब्रेक आहे. फ्रंट सस्पेन्शन आहे." मी मासिक आढाव्याच्या बैठकीत हलवतो तशी मान हलवली. कन्येने रंग पाहिला. सौ.नी विचारले, "चिखल उडणार नाही ना?" मी घासाघीस करून घंटी फुकट मिळवली आणि फार मोठा सौदा जिंकल्याच्या थाटात सोळा हजार पाचशे रुपये मोजले.

तेवीस वर्षे बँकेत काढलेला माणूस आहे मी. गिऱ्हाइकाने हजार रुपयांचा अर्ज दिला तरी मी त्याची मागची बाजू वाचतो. पण त्या दिवशी आम्हा तिघांपैकी एकानेही मान खाली घालून, जिथे मुलीचे पाय रोज टेकणार होते ती जागा पाहिली नाही. गिअर पाहिले, ब्रेक पाहिले, गादी दाबून पाहिली. पायडल पाहिले नाही.

ही जूनची गोष्ट. ऑक्टोबरात कन्या एके संध्याकाळी सायकल ढकलत घरी आली. गुडघा खरचटलेला, आणि हातात एक काळी वस्तू. "बाबा, हे घे," ती म्हणाली. ते डावे पायडल होते. म्हणजे पायडलाचे शरीर. आतली सळई सायकलीलाच चिकटून राहिली होती आणि वरचा सांगाडा तिच्यावरून मोज्यासारखा निघून आला होता. नळ स्टॉपच्या चौकात सिग्नल सुटला, हिने उभे राहून जोर दिला आणि पायाखालची जमीन म्हणतात ती निघून गेली. मी आयोडीन आणि उपदेश दोन्ही लावले. मागून येणारी बस हातभर अंतरावर थांबली, हे तिने मला सांगितले नाही. रात्री आईला सांगितले, आणि आईने मला दिवा मालवल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्या दालनात गेलो. पायडल टेबलावर ठेवले. टायवाल्या मुलाने ते न उचलताच पाहिले.

"वापरलंय ना, सर."

"पायडल वापरायचं नसतं का?"

"तसं नाही सर. वेअर अँड टेअरमध्ये येतं हे. फ्रेमवर लाइफटाइम वॉरंटी आहे तुम्हाला."

फ्रेमवर! वाचकहो, मला सांगा, सायकलीच्या फ्रेमला होते काय? ती बिचारी ताळेबंदातल्या राखीव निधीसारखी आपल्या जागी असते. झिजणारे, फिरणारे, चिखल खाणारे आणि माणसाचे सगळे वजन अंगावर घेणारे जे आहे, त्याला वॉरंटी नाही. जे जाग्यावरून हलत नाही त्याला आजन्म आहे. आम्ही असे कर्ज दिले तर ऑडिटर आम्हाला उभे करतील.

"आणि सर, हे प्लास्टिक नाहीये," मुलगा म्हणाला. "फायबर आहे."

हा शब्द आता लक्षात ठेवा. आपल्याकडे प्लास्टिकची वस्तू विकायची असली की ती फायबरची होते. बादली प्लास्टिकची असते, कारण तिची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. पण खुर्ची, दरवाजा आणि पायडल फायबरचे. मी त्या फायबरला उलटे करून आत पाहिले. ज्या भोकातून सळई निघाली होती तिथे छर्रे असावेत अशी माझी अपेक्षा. छर्रा एकही नाही. प्लास्टिकच्या भोकात लोखंडाची सळई फिरत होती, बस्स. पावसाळाभर तिच्यात पाणी आणि वाळू गेली, भोक मोठे झाले, टोकाची पकड गेली, आणि एके दिवशी नळ स्टॉप आला.

"एकशे ऐंशीला नवीन जोडी देतो, सर. सेम पीस."

सेम पीस! मला राग आला तो इथे.

रागावलेला कॉमर्स पदवीधर भांडत नाही. तो हिशेब करतो. मी बँकेत परत आलो आणि जेवणाच्या सुट्टीत कोऱ्या व्हाउचरच्या मागे हिशेब मांडला. मुलीचे जाणे-येणे दहा किलोमीटर. पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सरासरी पाच मीटर पुढे जाते असे धरा. म्हणजे दोन हजार फेरे. उतारावर पाय स्वस्थ असतात आणि कुठे कुठे ढकलत न्यावी लागते, ते वजा जाता पंधराशे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसदतीस हजार. चार महिन्यांत दीड लाख. म्हणजे ते फायबर दीड लाख फेऱ्यांत गेले.

आता दीड लाख ही काय कमी संख्या झाली, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले. पण हिंदू माणसाला फेरे म्हटले की चौऱ्यांशी लक्ष आठवतात. वर्षाला साडेचार लाख या दराने चौऱ्यांशी लक्ष फेरे पुरे व्हायला अठरा वर्षे आणि आठ महिने लागतात. तेवढ्या काळात चार-चार महिन्यांनी एक याप्रमाणे 'सेम पीस'च्या छप्पन्न जोड्या लागतील. दर एकशे ऐंशी. एकूण दहा हजार ऐंशी रुपये. शिवाय छप्पन्न वेळा चौक, आणि दर वेळी मागची बस थांबेलच असे नाही. हा शेवटचा आकडा मला व्हाउचरवर मांडता येईना. मी पेन खाली ठेवले.

कॅशियर डोकावून म्हणाले, "काय, फ्लॅट घेताय काय?"

"पायडल घेतोय."

ते डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले.

चौऱ्यांशी लक्षाची थट्टा मी उगाच करत नाही. तेवढे फेरे पुरे केलेले पायडल मी पाहिलेले आहे. आमच्या वडिलांनी १९७४ साली ॲटलास सायकल घेतली. काळी, उंच, नळीवाली. तिच्या नळीखालून पाय घालून अर्धी पायडल मारत मी सायकल शिकलो आणि तिच्याच कॅरियरवर बसून पहिल्या दिवशी शाळेत गेलो. तिची पायडले पोलादी सांगाड्याची, दोन्ही बाजूंना रबराच्या विटा बसवलेल्या. रबर झिजले की नुसते रबर बदलता येई, सांगाडा तोच. वडिलांच्या उजव्या पायाखालचे रबर नेहमी आधी झिजे, कारण सायकलीवर चढताना ते डाव्यावर उभे राहत आणि बाकीचे सगळे आयुष्य उजव्यावर रेटत. तीन वेळा रबरे बदलली, पायडल एकदाही नाही. २००९ साली त्यांचे गुडघे संपले तेव्हा सायकल आमच्या सोसायटीच्या वॉचमनला दिली. पायडले तशीच फिरत होती. पस्तीस वर्षे!

लगेच मला 'जुने ते सोने'वाल्यांच्या रांगेत उभे करू नका. त्या सायकलीचे वजन नवरदेवाच्या घोड्याइतके होते. तिचे सळयांचे ब्रेक पावसात लागत नसत. पावसात थांबायचे असेल तर वडील आधीच्या चौकापासून तयारीला लागत. आजच्या सायकलीचे ब्रेक, गिअर, टायर सगळे त्या सायकलीपेक्षा चांगले आहे, आणि मी ते ताळेबंदाच्या उजव्या बाजूला मांडायला तयार आहे. माझे म्हणणे एवढेच की इतके सगळे सुधारत असताना पायडल नेमके उलट्या दिशेने का निघाले?

आणि ती जुनी पायडले टिकली कशी, तर ती पोलादाची होती म्हणून नव्हे. पोलादही गंजते. ती टिकली कारण ती उघडता येत होती. दर दिवाळीच्या आधी वडील सायकल मामांकडे नेत. हे मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे सायकल दुरुस्तीवाले. फळीवर पाटी होती, 'येथे ओव्हरऑयलिंग करून मिळेल'. शुद्ध शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कॉलेजात कळले, पण मामांचा शब्द अधिक बरोबर आहे असे मला अजून वाटते. मामा पायडलाच्या टोकाची टोपी काढत. आत नट, त्याच्या खाली कोन, आणि कोनाच्या खाली मुगाच्या दाण्याएवढे छर्रे. ते रॉकेलच्या बशीत सोडायचे. मोजायचे काम माझ्याकडे. जितके बशीत पडले तितकेच परत गेले पाहिजेत, नाहीतर मामा घरी जाऊ देत नसत. माझे बँकेतले करिअर तिथे सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. मग नवे ग्रीस भरायचे, छर्रे चिकटवायचे, कोन आवळायचा. जास्त आवळला तर पायडल करकरते, कमी आवळला तर डुगडुगते; मामा आवळत, अर्धा आटा मागे घेत आणि मान हलवत. झाले पुढच्या दिवाळीपर्यंत.

टिकाऊ म्हणजे न मोडणारे नव्हे. न मोडणारे जगात काही नाही, आमच्या बँकेचे सर्व्हरसुद्धा. टिकाऊ म्हणजे जे उघडता येते, पाहता येते, पुसता येते आणि परत बंद करता येते ते. हे मी ठासून सांगतो, कारण दुकानात टिकाऊ शब्दाचा अर्थ जाड असा करतात.

आता पायडल घ्यायला बाहेर पडलो. सल्लागारांना तोटा नसतो. आमच्या शाखेतले तरुण अधिकारी रविवारी घट्ट कपडे घालून सायकलीवर सिंहगडाच्या पायथ्याशी जातात. ते म्हणाले, "तुम्ही क्लिपलेस घ्या." क्लिपलेस म्हणजे ज्यात बूट क्लिपने अडकतो ते. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. या प्रकाराचे हे रूप एका फ्रेंच कंपनीने १९८४ साली काढले. ती कंपनी मुळात बर्फावर घसरणाऱ्यांच्या बुटांच्या पकडी बनवणारी. पुढच्याच वर्षी बर्नार इनो ती लावून टूर द फ्रान्स जिंकला. इनोला नळ स्टॉपला थांबावे लागत नव्हते. आमच्या कन्येने सिग्नलला पाय आधी सोडवायचा की तोल आधी सांभाळायचा, याचा विचार करून मी तो सल्ला नम्रपणे नाकारला. साहेबांकडून आणखी एक गोष्ट कळली. त्यांची सायकल सव्वा लाखाची, आणि ती आली तेव्हा तिला पायडलच नव्हते. अत्यंत महागड्या सायकली पायडलाशिवाय विकायची पद्धत आहे; ज्याने त्याने आपल्या आवडीचे लावावे. म्हणजे बघा, सोळा हजारांच्या सायकलीला नावापुरते पायडल आणि सव्वा लाखाच्या सायकलीला तेही नाही. हा आलेख मी पुढे ओढला नाही.

दुसऱ्या दुकानात पायडलांची भिंतच होती. दुकानदाराने एक जोडी काढली, टिचकी मारली आणि पायडल भिंगरीसारखे गरगरा फिरवून दाखवले. "बघा साहेब, काय स्मूथ आहे!" मी भुललोच होतो. पण मामांची मान आठवली. ज्या पायडलात ग्रीस भरलेले आहे ते टिचकीने गरगरा फिरत नाही. ते दोन-चार फेरे घेऊन शांतपणे थांबते. गरगरा फिरते ते कोरडे असते. तुम्ही कोरड्याची स्तुती करताय, असे मी म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

"मेकॅनिकल लाइनमध्ये आहात का?"

"बँकेत."

"मग ही सील्ड घ्या. सील्ड बेअरिंग. मेंटेनन्स फ्री."

मेंटेनन्स फ्री म्हणजे ज्याची देखभाल करावी लागत नाही असे नव्हे; बहुतेक वेळा ज्याची देखभाल करता येत नाही असे. बँकेत आम्ही पिशवीला सील लावतो ते ती कुणी उघडू नये म्हणून. इथेही हेतू तोच असावा. खरे बोलायचे तर सगळ्याच बंद बेअरिंगवाल्यांना मी झोडपत नाही. त्यातल्या चांगल्या पायडलांचे आतले बेअरिंग काढून नवे बसवता येते आणि पाणी-धुळीपासून ते खरोखर जास्त सुरक्षित असते. मी विचारले, "हे बेअरिंग गेलं तर सुटं मिळेल?" दुकानदार म्हणाले, "जाणारच नाही." मी म्हटले, "पण गेलं तर?" ते म्हणाले, "मग नवी जोडी." तेव्हा तीही भिंतीवर परत गेली.

फायबरलासुद्धा सरसकट शिव्या घालणे बरोबर नाही, हेही त्या भिंतीपुढे तासभर उभे राहिल्यावर कळले. चांगल्या नायलॉनचे शरीर, आत क्रोमोली पोलादाचा आस आणि खरेखुरे छर्रे, असेही पायडल असते आणि ते नडगीला लागले तर धातूच्या दात्यांसारखे सोलून काढत नाही. पाप प्लास्टिकचे नाही. पाप आत काही नसण्याचे आहे.

मग आट्यांचा विषय निघाला. मोठ्या सायकलींच्या पायडलाचे आटे बहुधा नऊ-सोळांश इंची असतात. लहान मुलांच्या काही सायकलींना अर्धा इंची. कंपनी कुठलीही असो, माप एकच. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, आणि २०२० साली नेमक्या त्याच तारखेला ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना थांबला. ती बातमी वाचून वडील एवढेच म्हणाले, "पण पायडल कुठलंही बसेल तिला." सगळ्या सायकल उद्योगातला हा एक शहाणपणाचा करार आहे, तो अजून कुणी मोडलेला नाही, आणि मी तो इथे मोठ्याने सांगून चूक तर करत नाही ना अशी मला धास्ती वाटते.

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसते आणि दहावा ते विसरलेला असतो. पायडल मारताना जे बळ आसावर फिरत राहते ते त्याला हळूहळू आटा फिरवायला लावते. डावीकडे सरळ आटे असते तर पायडल चालता चालता सुटून पडले असते. विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. ओहायोतल्या डेटन गावी त्यांचे दुकान होते, आणि १९०० च्या सुमारास ते आपल्या सायकलींच्या न सुटणाऱ्या पायडलांची जाहिरात करत होते. पुढे तीन वर्षांनी ते उडाले. पाय घट्ट असल्याशिवाय माणसाने उडू नये, असे वाटले असेल त्यांना. यातली गंमत अशी की, छर्रे अडकून पायडल जाम झाले तर तेच पायडल उलट सुटायला बघते. म्हणजे आतून अडकलेले पायडल फार काळ कुढत बसत नाही, स्वेच्छानिवृत्ती घेते. आमच्या बँकांत २०००-०१ साली पुष्कळांनी घेतली, तेव्हा मी नोकरीतही नव्हतो, पण त्यांची कारणे ऐकली तर साधारण हीच होती.

सोडवायचे असेल तर पाना उभा धरून वरचे टोक मागच्या चाकाकडे ओढावे; दोन्ही बाजूंना हाच नियम. आसाच्या टोकावर एल आणि आर कोरलेले असते ते वाचावे, आटे हाताने सुरू करावेत, आणि आट्यांना बोटभर ग्रीस लावल्याशिवाय पायडल बसवू देऊ नये, नाहीतर पोलादी आस अल्युमिनियमच्या क्रँकमध्ये असा चिकटतो की पुढच्या वेळी दोघांनाही एकत्रच न्यावे लागते. आमच्या जुन्या क्रँकमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता. सोळा हजार पाचशेत तो बसला नाही.

तुम्ही म्हणाल, एका पायडलासाठी केवढा हा आटापिटा. पण कधी सकाळी सहा वाजता रस्त्यावर उभे राहून पाहा. पेपर टाकणारी मुले, रात्रपाळीचे वॉचमन, बांधकामावर निघालेले गवंडी. यांतल्या कितीतरी सायकलींना पायडल नसतेच. नुसती सळई असते. त्या बोटभर सळईवर चप्पल टेकवून माणूस सात-आठ किलोमीटर जातो, आणि त्याच्या चपलेला मधोमध खाच पडलेली असते. तो एकशे ऐंशी रुपये दर चार महिन्यांनी देऊ शकत नाही, म्हणून तो सळईवर चालवतो. लुधियानात सायकली बनतात, त्यांतल्या एका कंपनीचे नाव १९८६ साली जगातली सर्वांत मोठी सायकल बनवणारी म्हणून गिनीज बुकात गेले, मला अभिमान आहे. पण त्या सळईवरच्या चपलेचे काय? पूर्वी आमच्या बँकांत सायकल प्यून असत, त्यांना सायकलीचा म्हणून वेगळा भत्ता मिळे. पेपर टाकणाऱ्याला कुठला भत्ता?

पुष्कळ दिवस मी हा सगळा राग त्या टायवाल्या मुलावर काढत होतो. पण तो एक दिवस मला म्हणाला (होय, मी परत गेलो होतो, क्लार्क माणूस तीन स्मरणपत्रांशिवाय प्रकरण बंद करत नाही), "सर, चार वर्षं झाली मला इथं. आजपर्यंत एका कस्टमरनं पेडलबद्दल विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही विचारलं. तुम्ही घंटी मागितली."

यावर मला बोलता आले नाही. तीच सायकल हजार रुपयांनी महाग करून त्यांनी चांगले पायडल लावले असते, तर मी शेजारच्या दुकानात गेलो असतो. तिथे सोळा हजार तीनशेला मिळत होती. कारखानदार लबाड आहे, दुकानदार कोडगा आहे, हे मी मागे घेत नाही. पण वॉचमनला विचारायची सोय नसते आणि आम्हाला असते, तरी आम्ही घंटी मागतो. आम्ही खुर्चीत बसून, थंड हवा खात, सरबत पीत, एकवीस गिअर मोजतो. निम्म्यांना त्यांतले अठरा आयुष्यात लागत नाहीत. पायडल सगळ्यांना पहिल्या मिनिटाला लागते.

शेवटी जोडी मिळाली ती जुन्या बाजारातल्या एका सुट्या भागांच्या दुकानात. अल्युमिनियमचे शरीर, क्रोमोलीचा आस, टोकाला टोपी, टोपीखाली नट, कोन, छर्रे. नऊशे पन्नास रुपये. दुकानदाराला मी टोपी उघडून दाखवायला सांगितली. त्याने विनातक्रार पेचकस लावला. मी तिथेच पैसे दिले, घासाघीस केली नाही. घरी सांगितले नाही, पण केली नाही.

मामा आता पंच्याहत्तरीचे आहेत. पाटी गेली, फळी राहिली. त्यांनी नवे पायडल बसवण्याआधीच उघडले. "बघा," ते म्हणाले, "कंपनीनं ग्रीसचं बोट नुसतं दाखवलंय." नव्याकोऱ्या पायडलाचे छर्रे बशीत पडले. रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेल होते. मोजायचे काम कन्येकडे आले. ती मोबाइलवर फोटो काढून मोजू लागली. मामांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला. एक छर्रा निसटून रस्त्यावर गेला.

"जाऊ दे मामा, एकानं काय होतं?" ती म्हणाली.

मामांनी पाना खाली ठेवला आणि हात गुडघ्यांवर ठेवून स्वस्थ बसले. मला ते बसणे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. मी कन्येला म्हटले, "शोध." तो एका स्कूटरच्या स्टँडखाली सापडायला वीस मिनिटे लागली.

जुने उजवे पायडल अजून घरी आहे. ते मोडले नव्हते, म्हणून टाकवेना. गच्चीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून सौ. ते दाराशी ठेवतात. दार तरी आपटतेच. पायडल इतके हलके आहे की वारा दोघांनाही ढकलतो.